टक्केवारीत दडलेली जोखीम

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्यावरून धावणारी विजेची मोटार तयार करायला पैसा कोण देतो?

मोटार विकण्याआधीच कारखाना, यंत्रे व संशोधन यांवर खर्च करावा लागतो. पुढे गिऱ्हाईक न मिळाल्यास पैसा बुडतो. हीच गुंतवणुकीतील जोखीम. अमेरिकेतील फिस्कर ही विद्युत मोटारींची कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली.

मग गुंतवणूकदार काय करतात? ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटा मोटर्सच्या नव्या विद्युत मोटार कंपनीत टीपीजी राइज क्लायमेट या संस्थेने सहकाऱ्यांसह ७,५०० कोटी रुपये गुंतवण्याचे ठरवले. पैसा हप्त्यांनी द्यायचा होता आणि बदल्यात हिस्सा होता ११ ते १५ टक्के. आता गणित करा. १५ टक्क्यांचे ७,५०० कोटी, तर संपूर्ण कंपनी ५०,००० कोटींची. ११ टक्के धरल्यास सुमारे ६८,००० कोटींची. मधले १८,००० कोटींचे अंतर हे अनिश्चिततेचे माप होय.

अशी बातमी वाचाल, तेव्हा रकमेला हिस्स्याने भागून पाहा. गुंतवणूकदाराचा विश्वास किती, हे उत्तरावरून कळेल.