फुकट गेममधली अडवणूक

मोबाइलवर सर्वाधिक खेळले जाणारे गेम बहुतांशी फुकट मिळतात, आणि खेळणाऱ्यांचा सर्वाधिक संतापही याच गेमच्या वाट्याला येतो. डाउनलोड करताना दमडी मोजावी लागत नाही, नको झाला तर गेम काढून टाकता येतो, पैसे भरण्याची सक्तीही नसते. मग एवढे चिडायचे कशासाठी, असा प्रश्न न खेळणाऱ्याला पडतो. कंपन्यांची बाजू घेणारे त्याचे उत्तर चटकन देतात : लोकांना सगळेच फुकट हवे असते. हे उत्तर चुकीचे आहे. करमणुकीसाठी लोक पैसे मोजतात. सिनेमाचे, नाटकाचे तिकीट काढतात, क्रिकेटचे सामने पाहण्यासाठी वर्गणी भरतात. त्यांचा राग पैसे मागितल्याचा नाही. या गेममध्ये आधी मुद्दाम अडथळा उभा केला जातो आणि मग तोच हटवण्याचे पैसे मागितले जातात, याचा तो राग आहे. खेळणाऱ्याचा वैताग हेच या धंद्यात कमाईचे साधन असते. म्हणूनच त्यावरचा इलाज एकट्या खेळणाऱ्याच्या संयमावर सोडून भागणार नाही.

या पद्धतीचा पाया 2009 मध्ये घातला गेला. ॲपलने त्या वर्षी आयफोनवरच्या ॲपच्या आतच खरेदी करण्याची सोय आणली आणि काही महिन्यांत ती फुकट ॲपनाही खुली केली. तोवर गेमची किंमत बहुधा सुरुवातीला एकदाच घेतली जाई. आता प्रवेश मोफत ठेवून आत हव्या तितक्या वेळा पैसे घेता येऊ लागले. 2012 मध्ये आलेल्या दोन गेमनी या सोयीची ताकद जगाला दाखवली. ‘कँडी क्रश सागा’मध्ये खेळाडूला पाच जीव मिळतात. लेव्हल हरली की एक जातो, आणि तो परत मिळायला अर्धा तास लागतो. थांबायचे नसेल तर पैसे मोजायचे. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीच्या ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’मध्ये गावातल्या इमारती वाढवायला सुरुवातीला काही मिनिटे पुरतात, पुढे तास लागतात आणि नंतर दिवसच्या दिवस जातात, ‘जेम्स’ हे गेममधले चलन खर्च केले की तेच काम क्षणात होते. हा अर्धा तास किंवा हे दिवस कोणत्याही तांत्रिक गरजेतून आलेले नाहीत. घड्याळ कंपनीने लावलेले असते, आणि ते पुढे सरकवण्याचा अधिकार ती विकते. ‘कँडी क्रश’ बनवणारी किंग ही कंपनी 2016 मध्ये 5.9 अब्ज डॉलरला विकली गेली, यावरून या विक्रीचा आवाका लक्षात येतो.

अडवणूक किती टोकाला जाऊ शकते, हे 2014 मध्ये ‘डंजन कीपर’च्या मोबाइल आवृत्तीने दाखवून दिले. मूळ गेम 1997 चा. जमिनीखाली खोदकाम करून आपले भुयार उभारायचे, ही त्यातली मुख्य गंमत होती. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने तो मोबाइलवर फुकट आणला, पण खोदकामावरच वेळेचे कुलूप घातले. मध्यम कठीण दगड फोडायला चार तास, जास्त कठीण दगडाला चोवीस तास, आणि लगेच फोडायचा तर जेम्स. म्हणजे ज्यासाठी गेम खेळायचा, तीच गोष्ट थांबवून ठेवली होती. खेळाडू भडकले, मूळ गेमचे कर्ते पीटर मॉलिन्यू यांनीही जाहीर नापसंती दाखवली. अँड्रॉइड आवृत्तीत अभिप्राय मागण्याची तऱ्हाही बोलकी होती : पाच तारे देणाऱ्याला थेट प्ले स्टोअरवर नेले जाई, त्याहून कमी देऊ पाहणाऱ्याला मात्र आपली तक्रार कंपनीला पाठवायला सांगितले जाई. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने या गेमची ‘फुकट’ ही जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. पैसे न भरता खेळणे किती तुटक होते, याची कल्पना जाहिरातीतून येत नाही, असे तिचे म्हणणे होते. ज्या रागाला हट्ट म्हटले जात होते, त्यात तथ्य आहे हे एका नियामकाने त्या दिवशी मान्य केले.

वेळेच्या कुलपाला जोड मिळते ती आभासी चलनाची. जेम्स, डायमंड, ‘बीजीएमआय’ या गेममधले यूसी अशी त्याची अनेक नावे आहेत. रुपये देऊन आधी हे चलन घ्यायचे आणि मग त्यातून वस्तू घ्यायच्या. गेमच्या अर्थकारणाचे अभ्यासक रमीन शोक्रिझादे यांनी 2013 मध्येच या युक्त्यांची फोड करून दाखवली होती. मधे एक चलन आले की खर्च झालेल्या खऱ्या पैशांची जाणीव बोथट होते, हा त्यांचा मुद्दा. त्यात चलनाचे गठ्ठे आणि वस्तूंच्या किमती सहसा एकमेकांशी जुळत नाहीत. वस्तू घेतली की थोडे चलन उरते, ते वाया जाऊ नये म्हणून आणखी एक गठ्ठा घेतला जातो. किराणा दुकानात साखरेचा भाव रुपयांत न सांगता त्या दुकानाच्याच कवड्यांत सांगितला आणि त्या कवड्या फक्त शंभराच्या पटीत मिळू लागल्या, तर गिऱ्हाईक दुकानदाराला जाब विचारेल. गेममध्ये मात्र हा रिवाज होऊन बसला आहे.

यापुढची पायरी नशिबाची. लूट बॉक्स किंवा जपानी पद्धतीचा ‘गाचा’ यांत पैसे भरून वस्तू मिळत नाही, मिळण्याची शक्यता मिळते. ही शक्यता आपल्या अंदाजापेक्षा फार कंजूष असते. एखादे पात्र मिळण्याची शक्यता दर वेळी 1 टक्का असेल, तर 100 वेळा प्रयत्न केल्यावर ते मिळणारच असे अनेकांना वाटते; प्रत्यक्षात शंभरातल्या सुमारे 37 जणांच्या हाती तेव्हाही काही लागलेले नसते. जपानमध्ये ‘कोंपू गाचा’ नावाचा प्रकार होता. त्यात ठरलेला पूर्ण संच जमला तरच मोठे बक्षीस मिळे. दहा वस्तूंचा संच असेल आणि प्रत्येक वस्तू निघण्याची शक्यता सारखी धरली, तरी तो पुरा व्हायला सरासरी 29 प्रयत्न लागतात, आणि त्यातले दहा एकट्या शेवटच्या वस्तूवर जातात. म्हणजे ध्येय जवळ दिसू लागते तेव्हाच खर्च सर्वाधिक होतो. जपानच्या ग्राहक संस्थेने 2012 मध्ये हा प्रकार बेकायदा ठरवला. दक्षिण कोरियात तर आकड्यांमध्येच फेरफार झाला. ‘मेपलस्टोरी’ या संगणकावरच्या गेममध्ये नेक्सॉन कंपनीने विकत मिळणाऱ्या ‘क्यूब’मधून हवे ते गुण निघण्याची शक्यता खेळाडूंना न सांगता कमी केली, आणि काही जोड्या निघूच नयेत अशी व्यवस्था केली. 2021 मध्ये संतापलेल्या कोरियन खेळाडूंनी निषेधाचे फलक लावलेले ट्रक गेम कंपन्यांच्या दारात उभे केले. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने नेक्सॉनला सुमारे 11.6 अब्ज वॉनचा दंड ठोठावला आणि मार्चपासून अशा शक्यता जाहीर करणे कायद्याने बंधनकारक झाले.

या सगळ्याचे समर्थन करताना पहिला मुद्दा मांडला जातो तो निवडीचा. कोणी जबरदस्ती केलेली नाही, बहुसंख्य लोक एक पैसा न देता खेळतात, आणि हौशी श्रीमंतांच्या पैशावर सगळ्यांची करमणूक होते, असे सांगितले जाते. बहुसंख्य लोक पैसे देत नाहीत हे खरेच आहे. स्वर्व या विश्लेषण कंपनीने 2014 मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार मोबाइल गेममधल्या खरेदीचे निम्मे उत्पन्न अवघ्या 0.15 टक्के खेळाडूंकडून येत होते. पण हे मूठभर लोक श्रीमंतच असतात असे मानायला आधार नाही. डेव्हिड झेंडल आणि पॉल केर्न्स या ब्रिटिश संशोधकांनी 2018 मध्ये सात हजारांहून अधिक गेमखेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. जुगाराच्या व्यसनाची लक्षणे जितकी तीव्र, तितका लूट बॉक्सवरचा खर्च जास्त, असा संबंध तिच्यात आढळला. व्यसनामुळे खर्च होतो की खर्चातून व्यसन लागते, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. पण दोन्हींपैकी काहीही खरे असले, तरी ज्याला हात आखडता घेणे सर्वांत अवघड जाते त्याच्याकडूनच जास्त वसुली होत असते, आणि तिला मुक्त निवड म्हणणे कठीण आहे. लहान मुलांच्या बाबतीत तर हा युक्तिवाद उभाच राहत नाही. पासवर्ड एकदा टाकला की पुढची 15 मिनिटे मुलांना न विचारता खरेदी करता येत होती, म्हणून अमेरिकेत 2014 मध्ये ॲपलला ग्राहकांचे किमान 3.25 कोटी डॉलर परत करणे मान्य करावे लागले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गेम बनवायला वर्षे आणि पैसा लागतो, आणि सरळ किंमत लावली तर लोक ती देत नाहीत. निन्टेंडोचा अनुभव याला दुजोरा देतो. डिसेंबर 2016 मध्ये आलेल्या ‘सुपर मारिओ रन’चा सुरुवातीचा भाग फुकट होता आणि उरलेला गेम एकरकमी 9.99 डॉलरला. तो कोट्यवधी लोकांनी उतरवून घेतला, पण पूर्ण गेम विकत घेणारे दहा टक्केही निघाले नाहीत. त्याच कंपनीचा गाचावर चालणारा ‘फायर एम्ब्लेम हिरोज’ त्याच्या तुलनेत फारच कमी डाउनलोड होऊनही जास्त कमावून गेला. यातून खेळाडूच दोषी ठरतात, असे अनेकांना वाटते. माझ्या मते यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. ज्या दुकानात शेजारच्या प्रत्येक गेमवर ‘फुकट’ अशी पाटी आहे, तिथे खरी किंमत सांगणारा एकटा पडतो आणि हरतो. एकट्यादुकट्या कंपनीचा प्रामाणिकपणा इथे तग धरत नाही, म्हणूनच नियम सर्वांना सारखे हवेत. शिवाय फुकट गेमला अडवणूक करावीच लागते असेही नाही. ‘डोटा 2’सारखे संगणकावरचे गेम पात्रांचे पोशाख आणि सजावट विकून चालतात, पैसे देणाऱ्याला लढाईत वरचढ करत नाहीत. त्यांतही नशिबाच्या पेट्या आहेत आणि त्यांच्याबद्दल रास्त तक्रारी आहेत, पण खेळण्याची वाट तरी मोकळी असते.

भारतात हा प्रश्न कायद्यांच्या फटीत अडकला आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांना बंदी घालतो. लूट बॉक्समध्ये पैसे जातात, परत मात्र पैसे मिळत नाहीत, त्यामुळे त्याचा मुख्य रोख तिकडे नाही. ओटीपी आणि यूपीआय पिनमुळे परस्पर होणाऱ्या खरेदीला आपल्याकडे थोडा आळा बसतो, पण घरात एकच फोन असेल आणि पिन मुलांना ठाऊक असेल तर तोही राहत नाही. कंपन्यांनी स्वतःहून घातलेल्या मर्यादा किती सैल असू शकतात, याचे उदाहरणही आहे : ‘बीजीएमआय’ 2021 मध्ये आला तेव्हा 18 वर्षांखालच्या मुलांसाठी खर्चाची मर्यादा दिवसाला 7000 रुपये होती. महिन्याच्या हिशेबाने ही रक्कम दोन लाखांवर जाते. हाताशी असलेले साधन म्हणजे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 30 नोव्हेंबर 2023 ची मार्गदर्शक तत्त्वे. ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन रचनांचे 13 प्रकार त्यांत सांगितले आहेत. खोटी घाई निर्माण करणे आणि सतत पिच्छा पुरवणे हे त्यांपैकी दोन, आणि गेममधल्या ‘फक्त दहा मिनिटे उरली’ छापाच्या ऑफर पाहिल्या की दोन्ही ओळखू येतात.

ही तत्त्वे गेमना नेमकी कशी लागू होतात, हे प्राधिकरणाने स्पष्ट करायला हवे, आणि त्यात चार गोष्टी असाव्यात. प्रत्येक वस्तूची किंमत आभासी चलनाशेजारी रुपयांत दिसावी. युरोपीय संघातल्या ग्राहक प्राधिकरणांनी मार्च 2025 मध्ये नेमकी हीच अपेक्षा व्यक्त केली आहे. नशिबावर चालणाऱ्या प्रत्येक खरेदीत शक्यतेचा आकडा खरेदीच्या बटणापाशीच असावा, आणि तो खरा आहे की नाही हे बाहेरच्या कोणीतरी तपासावे. आजवर किती रुपये खर्च झाले, हे खेळाडूला दर वेळी समोर दिसावे. आणि 18 वर्षांखालच्या मुलांना लूट बॉक्स विकूच नयेत. यांतली एकही गोष्ट फुकट गेम बंद पाडत नाही किंवा कंपनीचा न्याय्य नफा हिरावत नाही. या चार अटी पाळून जो गेम चालेल, त्याला लोक खुशीने पैसे देत आहेत असे म्हणता येईल. ज्याची कमाई या अटींनी कोसळेल, त्याचे उत्पन्न गिऱ्हाइकाच्या अंधारात राहण्यावरच उभे होते. अडवणुकीवर चिडणारा खेळाडू हाच हिशेब उघड करून मागतो आहे, आणि तो मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.