धोऱ्यावरची रात्र

जैसलमेरला जाणारे बहुतेक जण वाळवंट बघतात ते संध्याकाळच्या तासाभरात. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर समच्या टेकड्या आहेत. जीप किंवा उंट तिथे नेतो, सूर्य बुडतो, फोटो काढून होतात आणि माणसं जेवायला परत निघतात. मला त्यांचा हात धरून त्यांना थांबवावंसं वाटतं. सूर्य बुडाल्यावर तिथे जे सुरू होतं, ते पाहिल्याशिवाय वाळवंट पाहिलं असं म्हणता येणार नाही.

आम्ही खुरी गावाच्या पलीकडे एका धोऱ्यावर मुक्कामाला होतो. धोरा म्हणजे तिकडच्या बोलीत वाळूची टेकडी. डिसेंबरअखेर, अमावस्या दोन दिवसांवर. तंबू नव्हताच, वाळूवर जाजम आणि त्यावर जाड रजया. उंटवाले भाईसा चूल पेटवत होते, तेवढ्यात मी सहज वाळूत हात खुपसला. वरचा थर फरशीसारखा गार लागला. चार बोटं खाली मात्र दुपार अजून शिल्लक होती, अगदी ऊबदार. आणखी उकरून कोपरापर्यंत हात घातला, तर तिथे ना ऊन ना गारवा. एका हाताच्या अंतरात तीन ऋतू!

असं का होतं? कोरड्या वाळूचे कण एकमेकांना जेमतेम टेकतात. मधल्या फटींत हवा असते, आणि हवेतून उष्णता फार सावकाश सरकते. त्यामुळे दिवसभराचं ऊन वरच्या वीतभर थरातच अडकून राहतं. उन्हाळ्यात वाळूचा पृष्ठभाग साठ अंशांच्याही वर जातो, पण हातभर खाली त्याची खबरसुद्धा पोचत नाही. वाळवंटातले उंदीर, सरडे, साप बिळात का राहतात, याचं उत्तर या एका हातभर अंतरात आहे.

जेवढं वर साठलं तेवढंच खर्चायला असतं, आणि रात्री हा खर्च सढळ हाताने होतो. तापलेली जमीन डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता आकाशाकडे सोडत असते. आपल्याकडे मुंबई-कोकणात हवेतली वाफ त्यातली बरीच उष्णता अडवून खाली परत पाठवते. म्हणजे जमिनीवर रात्रभर गोधडी असते. ढगाळ रात्री थंडी कमी वाजते, ती याचमुळे. थरच्या वाळवंटावर ही गोधडी जवळजवळ नसतेच. डिसेंबरात दुपारी पारा पंचवीसच्या आसपास असतो आणि पहाटे दहाच्या खाली उतरतो. निफाडच्या द्राक्षबागायतदारांना हा हिशेब न शिकवता ठाऊक आहे. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला अशा रात्री ते बागेत शेकोट्या पेटवतात.

जेवायला बाजरीचा सोगरा आणि केर-सांगरीची भाजी होती. सांगरी म्हणजे खेजडीच्या वाळवलेल्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो ती शमी इथे ताटात येते, हे कळल्यावर मी पुढचा घास जरा थांबून घेतला. पाण्याच्या शोधात या झाडाची मुळं वीस-तीस मीटर खोल जातात. म्हणून इतर सगळं करपून जातं त्या मे-जूनच्या उन्हात हिला कोवळी पालवी फुटलेली असते.

चूल विझली आणि आवाज जवळ आले. दूरच्या ढाणीतलं, म्हणजे वस्तीतलं, कुत्रं शेजारी भुंकल्यासारखं वाटत होतं. त्याचं कारणही पुन्हा त्या गार वाळूत आहे. रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्यापेक्षा ऊबदार असते. वर निघालेला आवाज त्या ऊबदार हवेत वळतो आणि परत जमिनीकडे झुकतो. दिवसा नेमकं उलट होतं, आवाज वरच्या वर निघून जातो.

मग आकाश. हिवाळ्यातली आकाशगंगा फिकट असते, तरी तिथे ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग दिसली. कृत्तिका, रोहिणी, मृग, व्याध, सगळी आपल्या ओळखीची मंडळी. पण मला गुंगवून टाकलं ते ध्रुवाने. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. पुण्याच्या गच्चीवरून ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींनाही थोडा कमी पडतो, कारण पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. खुरीला तो जवळपास तीन मुठी वर होता. मध्यरात्री दक्षिणेला अगस्त्य पाहिला, तर ध्रुव जेवढा चढला होता तेवढाच तो उतरलेला, क्षितिजापासून मूठभर वर. पुण्याशी फरक आठ अंशांचा. एका अंशाला एकशे अकरा किलोमीटर धरले तर आपण सुमारे नऊशे किलोमीटर उत्तरेला आलो, हे अंधारात झोपल्या झोपल्या मोजता येतं. नकाशा नको, फोन नको.

उंट आमच्यापासून थोड्या अंतरावर पाय दुमडून बसले होते. त्यांनाही रात्र लागते, आपल्यापेक्षा जास्तच. कडक उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असली की उंट फारसा घाम गाळत नाही, तो अंग तापू देतो. त्याच्या शरीराचं तापमान चौतीसवरून चाळीसच्या पुढे चढतं आणि साठलेली उष्णता तो रात्री गार हवेत सोडून देतो. आपण जे पाणी घामावाटे घालवलं असतं, ते त्याच्या अंगातच राहतं. पाठीवरच्या मदारीत पाणी नसतं, चरबी असते. खरी बचत रात्रीच्या गारव्यातून होते.

पहाटे फटफटलं तेव्हा जाग आली आणि रजईबाहेर पाय टाकणार तोच थांबले. संध्याकाळी कोरी असलेली वाळू लिहून भरली होती. बारीक ठिपक्यांच्या दोन समांतर ओळी, गोधडीला धावदोरा घालावा तशा. तिथून एक किडा गेला होता. दोन-दोन पायांचे जोडठसे, मध्ये मोकळी जागा, पुन्हा जोडठसे. तो उड्या मारत जाणारा वाळवंटी उंदीर. त्याच्या तळपायांनाही केस असतात, म्हणून तो भुसभुशीत वाळूत रुतत नाही. आणि एका सरळ रेषेत एकामागोमाग एक पडलेली खोकडाची पावलं. ती माझ्या उशापासून चार पावलांवर आली होती, तिथे घोटाळली होती आणि वळून उताराने निघून गेली होती. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

भाईसा म्हणाले, गरमीत आलात तर एकमेकींना न जोडलेल्या तिरक्या रेघाही दिसतील. ते फुरसं. आपल्या कोकणातल्या फुरशाचंच भाईबंद. वाळू निसटते म्हणून सरळ न सरपटता ते अंग आडवं उचलून टाकत जातं. थंडीत ते बिळात असतं.

हे लिखाण टिकतं, कारण रात्री वारा पडतो. गार झालेली जड हवा जमिनीला धरून राहते आणि वरचा वारा तिच्यावरून निघून जातो. ऊन चढलं की तापलेली हवा वर उठते, घुसळण सुरू होते आणि वारा खाली येतो. वाळूचे कण बुटक्या उड्या मारत पुढच्या कणांवर आदळतात, त्यांना उडवतात, आणि त्यातूनच वाळूवरच्या त्या सुंदर लाटा तयार होतात. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी इंजिनिअरने इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात गाड्या नेऊन आणि मग प्रयोगशाळेत वाळू उडवून हे कोडं सोडवलं. त्यावरचं त्याचं पुस्तक 1941 साली आलं आणि आजही अभ्यासक ते वापरतात.

नऊनंतर पहिली झुळूक आली. आधी किड्याचा धावदोरा बुजला, मग उंदीर, शेवटी खोकड.

तुम्ही जाल तेव्हा अमावस्येच्या आसपासची तारीख धरा. रात्रभर दिवे आणि गाणी चालतात अशा छावणीपासून लांबची जागा मागून घ्या. आणि सूर्य उगवायच्या आधी उठा. बूट घालण्यापूर्वी झटका, आणि पहिलं पाऊल टाकण्याआधी खाली बघा.