चार अधिक एक : एका अल्पायुषी संचाची कहाणी

न्यूयॉर्कहून प्रक्षेपित होणाऱ्या ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या लोकप्रिय कार्यक्रमाची १४ फेब्रुवारी १९८१ च्या रात्रीची यजमान होती ‘ब्लाँडी’ या वाद्यवृंदाची गायिका डेबी हॅरी. तिने त्या रात्री प्रेक्षकांसमोर चार तरुण आणि एक तरुणी असा एक संच आणला. ही मंडळी रूढ अर्थाने गात नव्हती. तालाच्या ठेक्यावर यमकबद्ध बोल ती झपाट्याने म्हणत होती. एकाचे वाक्य दुसरा उचलीत होता आणि शेवटचा शब्द सारे मिळून म्हणत होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर हिप हॉप संचाचे हे पहिले दर्शन मानले जाते. संचाचे नाव ‘फंकी फोर प्लस वन’. परंतु या गौरवानंतर अवघ्या दोन-अडीच वर्षांत तो विखुरला. असे का झाले, हे समजण्यासाठी त्या कलेच्या जन्मस्थानाकडे वळले पाहिजे.

हे जन्मस्थान म्हणजे न्यूयॉर्कचा ब्राँक्स हा विभाग. १९७० नंतरच्या दशकात त्याची स्थिती शोचनीय होती. मोठ्या राजमार्गाने जुन्या वस्त्या चिरल्या होत्या, कारखाने बंद पडत होते आणि आगींनी इमारतींच्या रांगा ओस पडल्या होत्या. तरुणांपाशी करमणुकीला पैसा नव्हता. घरची तबकडीयंत्रे आणि ध्वनिवर्धक हीच त्यांची साधने. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील एका इमारतीत कूल हर्क या जमैकात जन्मलेल्या तरुणाने आपल्या बहिणीने योजलेल्या मेजवानीत तबकड्या वाजविल्या. हिप हॉपचा आरंभ याच दिवसापासून धरण्याचा प्रघात आहे. गाणे थांबून केवळ तालवाद्ये वाजतात, तो भाग नर्तकांना विशेष प्रिय असतो, हे हर्कने हेरले. एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तो हा भाग लांबवू लागला.

तबकड्या वाजविणारा तो डीजे, आणि ध्वनिक्षेपक हाती घेऊन जमावाला उत्तेजन देणारा तो एमसी. आरंभी एमसी हा डीजेचा केवळ साहाय्यक होता. हळूहळू त्याच्या आरोळ्यांची वाक्ये झाली आणि वाक्यांची कवने झाली. शाहिरी सवाल-जवाब ऐकलेल्या रसिकाला या चढाओढीतील रंगत सहज उमगेल. मात्र दोन्ही परंपरांचा परस्परांशी संबंध नाही.

ब्राँक्सच्या उत्तर भागात ब्रेकआउट आणि बॅरन हे दोन डीजे नावाजलेले होते. त्यांच्याभोवती केके रॉकवेल, कीथ कीथ, रहीम आणि शा-रॉक असे चार एमसी जमले. पुढे रहीम ग्रँडमास्टर फ्लॅशच्या संचात गेला आणि शा-रॉकही काही काळ दूर झाली. त्यांच्या जागी लिल रॉडनी सी आणि जॅझी जेफ आले. मग शा-रॉक परतली. आता चाराचे पाच झाले होते. म्हणून नाव पडले ‘चार अधिक एक’. ही ‘एक’ मात्र शोभेसाठी नव्हती. पुरुषांच्या बरोबरीने, तितक्याच दमाने बोल म्हणणारी ती या कलेतील पहिल्या स्त्रियांपैकी एक होय.

१९७९ पर्यंत ही कला त्या-त्या रात्रीपुरतीच जगत असे. फार तर मेजवानीत मुद्रित केलेल्या कॅसेटी हातोहात फिरत. त्या वर्षी ‘रॅपर्स डिलाइट’ ही ध्वनिमुद्रिका देशभर गाजली आणि व्यापाऱ्यांचे लक्ष इकडे वळले. हार्लेममधील जुने व्यावसायिक बॉबी रॉबिन्सन यांनी आपल्या ‘एंजॉय’ या संस्थेतर्फे ‘फंकी फोर’ची सुमारे १६ मिनिटांची ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी काढली. १९८० मध्ये संच ‘शुगर हिल’ या संस्थेकडे गेला आणि तेथे ‘दॅट्स द जॉइंट’ ही त्यांची सर्वांत गाजलेली ध्वनिमुद्रिका निघाली.

परंतु या यशातच पुढील अडचणीचे बीज होते. ध्वनिमुद्रणगृहात डीजेऐवजी संस्थेचा पगारी वाद्यवृंद वाजवी. ज्याच्या यंत्रांभोवती संच जमला, तोच मुद्रिकेपुरता अनावश्यक ठरला. शिवाय त्या काळी बाजार एकेका गाण्याचा होता. तरुण कलावंतांचा स्वतंत्र संग्रह काढून त्यांचे नाव रुजवावे, असे फारसे कोणाला वाटत नव्हते. ‘फंकी फोर’चा असा संग्रह त्यांच्या हयातीत निघालाच नाही. १९८३ च्या सुमारास रुचीही पालटली. यांत्रिक ढोलाचा कठोर ठेका आणि मोजके शब्द यांची चलती झाली. अनेकांनी मिळून म्हणावयाच्या, घोटून बसविलेल्या बोलांची पद्धत जुनी वाटू लागली.

संच मोडला, तरी माणसे लगेच थांबली नाहीत. रॉकवेल आणि रॉडनी सी यांनी ‘डबल ट्रबल’ ही जोडी केली व ‘वाइल्ड स्टाइल’ (१९८३) या चित्रपटात काम केले. शा-रॉक दोन सहकारिणींसह ‘बीट स्ट्रीट’ (१९८४) मध्ये दिसली. ‘रन-डीएमसी’ या विख्यात संचातील डीएमसीने, कॅसेटवर ऐकलेल्या शा-रॉकच्या प्रतिध्वनियुक्त आवाजाचे ऋण उघडपणे मान्य केले आहे. १९८९ मध्ये ‘बीस्टी बॉइज’ यांनी ‘दॅट्स द जॉइंट’चा तुकडा आपल्या गाण्यात वापरला. मूळ गायकांचे नाव ठाऊक नसलेल्या असंख्य श्रोत्यांच्या कानी त्यांचा आवाज असा पोहोचला.

कलेच्या इतिहासात पुष्कळदा ज्यांचा माल बाजारात उरतो त्यांचीच नावे उरतात. ‘फंकी फोर प्लस वन’चा माल थोडा, म्हणून नावही मागे पडले. परंतु पाच आवाजांनी एका श्वासात एक वाक्य कसे पेलावे, आणि त्यांत एका मुलीने आपले स्थान कोणाकडे न मागता कसे घ्यावे, हे पुढील पिढीने त्यांच्याकडून घेतले. या ऋणाची नोंद करावयाची, तर त्या थोड्या ध्वनिमुद्रिका पुन्हा लक्षपूर्वक ऐकणे, एवढेच पुरेसे आहे.