शब्दांचं माहेर : 'नॉइज' कोणासाठी?

'नॉइज' म्हणजे नको असलेला आवाज, ही या शब्दाची सर्वांत रुळलेली व्याख्या. ती वाचताना आपलं लक्ष 'आवाज'कडे जातं; शब्दाचा सगळा जीव मात्र 'नको असलेला' यात आहे. आवाज आणि ऐकणारा यांच्यातल्या नात्याचं हे नाव आहे, असं माझं म्हणणं आहे आणि शब्दाचा इतिहास त्याला दुजोरा देतो. तेराव्या शतकात तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. तिथे त्याचा अर्थ भांडण, आरडाओरडा. कुरापत काढण्याच्या एका फ्रेंच वाक्प्रचारात तो आजही टिकून आहे. त्याच्याही मागे बहुतेक अभ्यासकांना लॅटिन 'नॉशिआ' दिसतो, म्हणजे बोट लागल्यावर होणारी मळमळ. त्याचं मूळ जहाज या अर्थाच्या ग्रीक 'नाउस'मध्ये, आणि 'नाउस' ही आपल्या 'नौके'ची दूरची बहीण. उगमाशी ध्वनी नाहीच, माणसाच्या पोटातली ढवळाढवळ आहे. पुढे शेक्सपिअरच्या काळात वादकांच्या ताफ्यालाही 'नॉइज' म्हणत, आणि 1611च्या इंग्रजी बायबलमधल्या स्तोत्रांत देवापुढचा आनंदघोषही नॉइजच. मराठी माणसाला याचं नवल वाटू नये. देवीपुढे संबळ-तुणतुण्यावर घालतात तोही गोंधळ, आणि पत्रिकेवर तारीख चुकली की होतो तोही गोंधळ.

यावर भौतिकशास्त्राची हरकत येते. हेल्महोल्ट्झने 1863च्या आपल्या ग्रंथात सूर आणि गोंगाट वेगळे केले : कंपनं नियमित असली तर सूर, अनियमित असली तर गोंगाट. मग फरक आवाजातच नाही का? हा फरक खरा आहे, पण आपला प्रश्न त्याने सुटत नाही. 'स' आणि 'श' उच्चारताना दातांमधून निघणारी हवा या कसोटीवर निव्वळ गोंगाट ठरते. तरी तो वजा केला तर 'सण' आणि 'शण' यांत भेद उरणार नाही. उलट रात्री दोन वाजता शेजारच्या घरात अचूक सुरात वाजणारी पेटी झोपू पाहणाऱ्याला गोंगाटच वाटते.

विसाव्या शतकात हा शब्द कानापासून सुटला. बेल प्रयोगशाळेतल्या जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी 1928मध्ये दाखवलं की विद्युतवाहकातले कण उष्णतेमुळे सतत हलत असतात आणि त्यातून एक खरखर उमटते. तापमान आहे तोवर ती पूर्ण जाणार नाही. क्लॉड शॅननच्या 1948च्या सिद्धान्तात तर संदेश बिघडवणारी कुठलीही गोष्ट नॉइज झाली, तिला आवाज असो वा नसो. या अर्थाची सर्वांत बोलकी साक्ष 1964ची आहे. न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथल्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनावर पेन्झियास आणि विल्सन यांना एक खरखर मिळत होती. अँटेना कुठेही वळवा, दिवस असो वा रात्र, ती हटेना. आत कबुतरांचं घरटं होतं. ते काढलं, त्यांची विष्ठा खरवडून टाकली, तरी ती उरलीच. जवळच प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट डिकी यांचा गट याच लहरी शोधण्याची तयारी करत होता. विश्वाच्या आरंभापासून उरलेलं ते प्रारण होतं, आणि 1978मध्ये पेन्झियास-विल्सन यांना त्यासाठी नोबेल मिळालं. लहर तीच; एकाकडे ती अडथळा होती, दुसऱ्याकडे शोधाचं ध्येय.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. सगळं ऐकणाऱ्यावर सोडलं तर कायदा काय मोजणार? भारताच्या 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. म्हणजे रात्री दहा वाजले की परवानगीची तीव्रता दहापट घटते. लाउडस्पीकर तोच, गल्ली तीच. बदलली ती लोकांची झोपेची गरज. डेसिबल आकडा देतो, आणि त्यातला किती चालेल हे माणसांचं जगणं पाहून ठरतं. तरीही एक गोष्ट मी मान्य करतो. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे हौसेने नाचणाऱ्याला तो आवाज हवाच असतो. व्याख्येप्रमाणे त्याच्यासाठी तो नॉइज नाही. पण अंतर्कर्णातल्या केसपेशी त्याची हौस विचारत नाहीत, आणि एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ही इजा 'नको असलेला आवाज' या शब्दांत मावत नाही. तिथे आकड्यालाच बोलावं लागतं, म्हणून पुढच्या आठवड्यात 'डेसिबल'.