गवताखालची चिल्लर

23 जुलै 1965 ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या नाणे कायद्यावर सही केली आणि अमेरिकन माणसाच्या खिशातली चांदी गेली. तोवर दहा सेंटचं डाइम, पंचवीस सेंटचं क्वार्टर आणि अर्धा डॉलर ही नाणी 90 टक्के चांदीची असत. पाव-दुधाच्या व्यवहारात ती या हातातून त्या हातात जात आणि कुणाला त्याचं विशेष वाटत नसे. कायद्यानंतर डाइम आणि क्वार्टर तांब्याच्या गाभ्यावर तांबं-निकेलचा पत्रा चढवून पाडली जाऊ लागली. अर्ध्या डॉलरात 1970 पर्यंत 40 टक्के चांदी ठेवली, मग तीही काढली. लोक काही दूधखुळे नव्हते. गल्ल्यात आलेलं जुनं नाणं ते बाजूला ठेवू लागले आणि दशक संपेपर्यंत चलनातली चांदी जवळपास दिसेनाशी झाली. एकाच ठिकाणची चांदी कुणाला निवडून घेता आली नाही. जी आधीच हरवलेली होती ती.

हरवली होती मुख्यतः पार्कांत. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, जुन्या गावात एक तरी पार्क शंभर वर्षांचं असतं. तिथे रविवारी बँड वाजे, चादरी पसरून जेवणं होत, पोरं झोपाळ्यावर उलटी लटकत, पुरुष जेवून झाडाखाली आडवे होत. खिशातून दोन नाणी घरंगळली तर गवतात ती कोण शोधणार? पुढचं काम गांडुळांनी केलं. गांडुळं खालची माती वर आणून टाकतात आणि वर पडलेली वस्तू हळूहळू खाली जाते, हे डार्विनने मोजून दाखवलं होतं. त्याचं गांडुळांवरचं पुस्तक 1881 चं. योगायोग असा की त्याच वर्षी अलेक्झांडर ग्राहम बेल गोळी लागलेल्या राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगावर एक विद्युतयंत्र फिरवून गोळी कुठे अडकलीय ते शोधत होता. गोळी काही सापडली नाही. गादीतल्या पोलादी तारांनी यंत्राचा गोंधळ उडवला असं सांगतात. पलंगाखाली लोखंड असलं की कसं होतं हे पार्कातल्या बाकाजवळ धातुशोधक यंत्र फिरवणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

यंत्र सामान्यांच्या हातात आलं ते दुसऱ्या महायुद्धामुळे. युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने स्कॉटलंडमध्ये बनवलेलं सुरुंगशोधक यंत्र 1942 मध्ये अल अलामीनच्या वाळवंटात वापरलं गेलं. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याची शिलकी यंत्रं विक्रीला निघाली आणि काही हौशी मंडळींनी ती खांद्याला अडकवून माळरानं पालथी घातली. टेक्सासात चार्ल्स गॅरेटने आपली कंपनी काढली 1964 मध्ये, म्हणजे चांदी बंद होण्याच्या आदल्या वर्षी. मुहूर्त साधला म्हणायचा तो असा. त्या काळची यंत्रं एकसुरात गुणगुणत राहायची आणि खाली धातू आला की सूर बदलायचा. कोणता धातू, ते देवाला माहीत. पण पार्कं कोरी होती. तीन-चार इंचांवर चांदी होती. त्या पहिल्या लोकांनी जे नेलं ते नेलंच.

मग आला टॅब. ओहायोतल्या डेटन गावच्या अर्मल फ्रेझने बियरच्या डब्याला ओढून काढायचं झाकण बसवलं. 1962 पासून ते बाजारात आलं आणि बघता बघता देशभर झालं. ओढा, प्या, आणि ती अ‍ॅल्युमिनियमची कडी गवतात फेका. डब्यालाच चिकटून राहणारं झाकण 1975 मध्ये येईपर्यंत ही फेकाफेक चालू होती. ज्या दशकात पार्कातली चांदी शोधायला माणसं निघाली, नेमक्या त्याच दशकात त्याच गवतावर कड्यांचा पाऊस पडला. या छंदाचा पुढचा सगळा इतिहास माझ्या मते या कडीने लिहिला आहे, नाण्यांनी नाही.

कारण कड्या खणून खणून लोकांच्या कंबरा गेल्या, आणि यंत्र बनवणाऱ्यांना कळलं की आता खोल जाणाऱ्या यंत्रापेक्षा निवडणारं यंत्र खपेल. यंत्राच्या तबकडीतून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत त्यामुळे भोवरे घेणारे प्रवाह उठतात आणि त्यांचा प्रतिसाद परत येतो. हा प्रतिसाद किती उशिराने येतो ते धातूवर आणि वस्तूच्या आकारावर अवलंबून असतं. चांदीचा वेगळा, चॉकलेटच्या चांदीसारख्या कागदाचा वेगळा. सत्तरच्या दशकात यंत्रांना एक बटण आलं. ते फिरवलं की ठरावीक आकड्याखालचं सगळं मुकं. कड्या मुक्या झाल्या, लोक खूश झाले. पण पाच सेंटचं निकेल त्याच पट्ट्यात बसतं आणि सोन्याच्या बऱ्याच अंगठ्याही तिथेच बसतात. म्हणजे कचरा नको म्हणणारा माणूस अंगठीवरून यंत्र फिरवत पुढे जाई आणि कुठे लांब एखादं डाइम वाजलं की धावत सुटे. आपले झारेकरी सोनाराच्या दुकानासमोरचा केर टाकाऊ न मानता सगळाच धुऊन काढत, त्यांना हा शहाणपणा फार महाग वाटला असता.

1980 च्या जानेवारीत चांदी औंसाला 50 डॉलरच्या घरात गेली. एका डाइममधल्या चांदीचे साडेतीन डॉलर होऊ लागले, क्वार्टरमधल्या चांदीचे नऊ. घरोघरच्या बरण्या भट्टीत गेल्या. पुढे भाव कोसळला. मी इथे येऊन या नादाला लागलो तोवर मोठी पंगत उठून गेली होती. गावातले जुने खेळाडू सांगत, ‘‘तिथे काही राहिलेलं नाही.’’ ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या यंत्रांना जे ऐकू येत होतं ते खरंच राहिलं नव्हतं.

राहिलं होतं ते दोन जागी. एक कड्यांच्या आवाजाखाली आणि दुसरं आणखी खाली, सहा-सात इंचांवर. खोल गेलेल्या डाइमचा आवाज मोठा नसतो. एका दिशेने तबकडी नेली तर बारीक किणकिण, उलट नेली तर नुसता खिळ्याचा खरखराट. जागेवर नव्वद अंश फिरून पुन्हा ऐकायचं. तरीही किणकिण आली तर बसायचं. गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापायचा, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवायची, म्हणजे मुळं तुटत नाहीत. माती रुमालावर काढायची. हातातल्या छोट्या शोधकाने खड्डा टोचून बघायचा. एक सेंटची तांब्याची पेनी हिरवी पडलेली निघते, निकेल विटकरी रंगाचं, ओळखू न येणारं. चांदी मात्र काल पडल्यासारखी पांढरी दिसते. ती बोटाने चोळायची नाही. कण घासून ओरखडे पडतात. आधी पाणी. डाइमवर पंखाच्या टोपीची बाई असेल तर ते 1916 ते 1945 मधलं, आणि मग कुणीही करतो तेच करायचं: उलटं करून खाली बारीकसं ‘डी’ आहे का बघायचं. डेन्व्हरच्या टाकसाळीने 1916 साली ही नाणी फक्त 2,64,000 पाडली. मला ते सन आणि ते अक्षर एकत्र कधी दिसलेलं नाही. खड्डा बुजवून गवत पायाने दाबायचं. हे नीट न करणाऱ्यांमुळेच कित्येक गावांनी पार्कं बंद केली. न्यूयॉर्कमध्ये पार्क खात्याचा परवाना लागतो. राष्ट्रीय उद्यानांत तर यंत्र वापरणं सोडाच, हातात घेऊन फिरणंही गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा.

पुण्याचे मित्र म्हणतात, ‘‘इकडे आण की, शनिवारवाड्यावर फिरवू.’’ फिरवलंस तर आत जाशील, असं मी सांगतो. वाडा संरक्षित स्मारक आहे. शिवाय 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो. ती दहा रुपयांची मर्यादाही कायद्यात अजून तशीच आहे. आणि आपल्याकडच्या मातीतलं मोल वेगळं. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा वरून मारलेला होता. कोण जिंकलं, कोण हरलं ते नाण्यावरच लिहिलेलं. असा ठेवा कुणीतरी मुद्दाम पुरलेला असतो आणि सगळा एकत्र राहिला तरच बोलतो. पार्कातली चिल्लर कुणी पुरली नाही, ती पडली. तिला एवढंच सांगता येतं की इथे माणसं बसत होती.

आणि पडायचीही बंद होत आलीय. 1982 पासून पेनी जस्ताची झाली, वर तांब्याचा नुसता मुलामा. मातीत मुलामा कुठे फुटला की जस्त कुरतडलं जातं आणि काही वर्षांत हातात येते ती कडा खाल्लेली, भोकं पडलेली चकती. शंभर वर्षांपूर्वीची पेनी वाचता येते, माझ्या मुलाच्या जन्मसालाची येत नाही. लोक आता पैसे फोनने देतात. 12 नोव्हेंबर 2025 ला फिलाडेल्फियाच्या टाकसाळीने चलनातली शेवटची पेनी पाडली. एक सेंटचं नाणं पाडायला साडेतीन सेंटांहून जास्त खर्च येत होता.

यंत्रं मात्र अशी सुधारली की पूर्वी विचारही केला नसता. 2018 च्या आसपास एकाच वेळी अनेक कंप्रतांवर ऐकणारी यंत्रं मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात आली. दुसरीकडे ऑरेगनमधली व्हाइट्स ही जुनीजाणती कंपनी 2020 मध्ये बंद पडली. नव्या यंत्राने मी तीच पार्कं पुन्हा चाळतो आहे, पण आता चांदीच्या आवाजामागे धावत नाही. कडीचा आवाज आला की खणतो. दहातल्या नऊ वेळा कडीच निघते, दहाव्या वेळी बहुधा निकेल. त्यातही 1942 च्या अखेरीपासून 45 पर्यंतचं असेल तर पाठीवरच्या इमारतीच्या घुमटावर मोठं अक्षर असतं आणि अंगात 35 टक्के चांदी, कारण खरं निकेल तेव्हा युद्धासाठी लागत होतं. कड्या बादलीत साठवतो आणि भंगारवाल्याला देतो.