पोटावरच्या रेघा आणि मेडिकलची ट्यूब



सुनेला सातवा महिना लागला, की पोटावर, मांड्यांवर लालसर-जांभळट रेघा दिसू लागतात. शहरात त्यांना स्ट्रेच मार्क म्हणतात. सून लाजेनं बोलत नाही. सासू म्हणते, "खाजवलंस, म्हणून ओरखडे उठले." मग बाजारच्या दिवशी मेडिकलमधून एक ट्यूब घरी येते. इथंच गल्लत होते.

या रेघा खाजवल्यानं पडत नाहीत. पोतं ठासून भरलं की त्याची वीण विरते, तसंच हे. पोट भराभर वाढतं, कातडीच्या आतले लवचिक धागे ताणानं तुटतात. आईला रेघा पडल्या असतील तर लेकीलाही पडण्याचा संभव जास्त. कोवळ्या वयातलं गरोदरपण, जुळं आणि अवाजवी वाढलेलं वजन यांनीही त्या वाढतात. निम्म्याहून अधिक बायांना त्या पडतात. हा आजार नव्हे. बाळंतपणानंतर त्या हळूहळू पांढुरक्या होतात, मात्र पूर्ण जात नाहीत.

मलमाचा उपयोग किती?

खोबरेल लावल्यानं कोरडेपणा आणि खाज कमी होते, ते खुशाल लावा. पण रेघा पडूच देणार नाही असं खात्रीचं मलम आजवर निघालेलं नाही, मग किंमत कितीही असो. उलट खाजेवरच्या काही ट्यूबांत स्टिरॉइड असतं. ते बरेच दिवस चोळलं तर कातडी पातळ होऊन नव्या रेघा पडतात. तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ट्यूब आणू नका.

त्याच पैशात डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध येतं. पोट फार वाढू नये म्हणून सुनेचं ताट आखडू नका. साधारण अंगकाठीच्या बाईचं वजन नऊ महिन्यांत १० ते १२ किलो वाढायलाच हवं. ते एकदम नव्हे, हळूहळू वाढावं, एवढंच पाहा. लोहाची गोळी रोज १ याप्रमाणे किमान १८० दिवस चुकवू नका.

ही खाज मात्र अंगावर काढू नका

पोटावरची थोडी खाज साधी असते. पण शेवटच्या तीन महिन्यांत तळहात-तळपायांना खाज सुटली, अंगावर पुरळ नाही आणि रात्री खाज वाढते, तर ते यकृताच्या विकाराचं लक्षण असू शकतं. त्यात पोटातल्या बाळाला धोका असतो. सकाळची वाट न पाहता आशाताईंना किंवा नर्सबाईंना सांगा आणि दवाखाना गाठा. रक्ततपासणीत निदान होतं.

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी होते. ग्रामपंचायतीच्या मंडळींनी आदल्या दिवशी गावात दवंडी द्यावी, फळ्यावर लिहावं. आणि घरधन्यानं त्या दिवशी रानातलं काम बाजूला ठेवून बायकोबरोबर जावं. रेघा राहिल्या तर राहू द्या. आई आणि बाळ धडधाकट घरी यावं, हे महत्त्वाचं.