आपली मोटार, आपले हात

गेल्या खंडेनवमीची गोष्ट. शस्त्र म्हणावें असें आमच्या घरांत विळीखेरीज कांहीं नाहीं. तेव्हां विळी, मुलीचा संगणक आणि दाराशीं उभी असलेली मोटार यांवरच हळदकुंकू वाहण्याची चाल आमच्याकडे पडली आहे. बॉनेटवर झेंडूची माळ बांधीत असतां सकाळचें कोंवळें ऊन गाडीवर तिरपें पडलें, आणि तीन वर्षांपूर्वीं आरशासारखा असलेल्या त्या निळ्या पत्र्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य वर्तुळाकार रेषा मला दिसल्या. मन एकदम खट्टू झालें.

अपराधी शोधण्यास मला मुळींच वेळ लागला नाहीं. आमच्या सोसायटींतल्या तीस गाड्या दररोज पहांटे पुसणारा जो माणूस आहे, त्याला मीं तेथेंच बोलावलें. सणाच्या दिवशीं, चार शेजाऱ्यांच्या देखत, मी त्याला नको तें बोललों, आणि दुसऱ्या दिवसापासून येऊं नको म्हणून सांगितलें. “साहेब, पाणी एक बादली तुम्हींच ठरवून दिलंय, आणि फडकंही तुमच्याच घरचं,” एवढेंच तो म्हणाला व निघून गेला. मला तें बोलणें उद्धटपणाचें वाटलें. तें अक्षरशः खरें होतें हें कळावयास मला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत गाडी स्वतः धुतांना जें शिकलों, तें ‘पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा’ या न्यायानें वाचक-वाचिकांपुढें ठेवीत आहें.

रेषा येतात कोठून?

हा प्रश्न प्रथम सोडविला तो आमच्या मुलीनें. ती रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. तिनें मला विचारलें, “बाबा, तुम्ही कचेरींत जातांना रोज गाडीवर काय फिरवतां?” मी म्हणालों, “झटकणी. धूळ बसलेली बरी दिसत नाहीं.” ती हंसली आणि म्हणाली, “मग रेषा तुमच्याच आहेत.”

तिनें सांगितलेली उपपत्ति अशी. रस्त्यावरच्या धुळींत वाळूचे म्हणजे गारेचे बारीक कण असतात. काठिण्याच्या मापनांत गारेचा क्रमांक सात आहे. साधी कांच साडेपांचाच्या आसपास येते, आणि मोटारीचा रंग तर कांचेहूनही पुष्कळ मऊ. म्हणजे कोरड्या धुळीवर कोरडें फडकें अथवा झटकणी फिरविणें हें पॉलिश-कागदानें पत्रा घांसण्यासारखेंच होय. ओरखडे वस्तुतः सर्व दिशांना गेलेले असतात. परंतु सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं जे ओरखडे प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकतात, आणि म्हणून आपणांस ते वर्तुळाकार दिसतात.

रंगाची रचना कळली म्हणजे या ओरखड्यांचें गांभीर्य ध्यानांत येतें. मोटारींच्या प्रारंभकाळीं घोडागाडीप्रमाणेंच ब्रशानें वार्निशाचे थर देत, ते वाळवीत व घांशीत. एका गाडीला रंग देण्यांत कित्येक आठवडे जात. अमेरिकेंतील ड्यूपाँट कंपनीनें ‘ड्यूको’ नांवाचा, फवाऱ्यानें देतां येणारा व लवकर वाळणारा रंग काढला, आणि १९२४ सालच्या नमुन्याच्या ओकलंड गाडीवर तो प्रथम झळकला, तेव्हां हें काम आठवड्यांवरून तासांवर आलें. माझ्या वडिलांच्या जुन्या फियाटला पॉलिश करतांना फडक्यास गाडीचाच रंग लागे, हें मला चांगलें आठवतें. कारण त्या काळीं वरचा थर रंगाचाच असे. आजच्या गाडींत गंजरोधक थर, प्रायमर, रंग, आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ नांवाचा पारदर्शक थर अशी मांडणी असते. गाडीची सारी चमक या शेवटच्या थरांत आहे, आणि त्याची जाडी साधारणतः ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे बहुधा आपल्या डोक्याच्या केसाहूनही कमी. दुकानांत नेऊन ‘पॉलिश’ करविणें म्हणजे याच थराचा अंश खरवडून ओरखड्याच्या तळापर्यंत जाणें. असें वर्षानुवर्षें कितीदां करणार? तेव्हां ओरखडे काढण्यापेक्षां ते न पाडणेंच श्रेयस्कर.

धुण्याची रीति

आतां प्रत्यक्ष कृति. वेळ सकाळची अथवा सायंकाळची असावी, गाडी सावलींत असावी, आणि पत्रा हाताला थंड लागावा. तापलेल्या पत्र्यावर साबणाचें पाणी धुण्यापूर्वींच वाळतें व डाग ठेवून जातें.

साहित्य थोडेंच लागतें. दोन बादल्या, एक तांब्या किंवा झारी, गाडीसाठीं मिळणारा सौम्य शॅम्पू, आणि मायक्रोफायबरचीं चार-पांच फडकीं. भांडीं घांसण्याचा साबण वापरूं नये. तो तेलकटपणा काढण्यासाठींच केलेला असल्यामुळें गाडीवरचें संरक्षक मेणही काढून नेतो. जुनें धोतर, गंजिफ्रॉक वा टॉवेल फडकें म्हणून देण्याची आपल्या घरांतली काटकसर येथें महाग पडते. त्या कापडाच्या शिवणी टणक असतात, आणि पृष्ठभागावर धरलेला कण तें पत्र्यावर तसाच ओढीत नेतें. मायक्रोफायबरच्या बारीक तंतूंत मात्र कण आंत शिरून राहतो.

पहिलें काम चाकांचें. सर्वांत घाण तेथें असते, ब्रेकचा लोखंडी चुरा तेथें असतो. म्हणून चाकांचें फडकें निराळें ठेवावें व तें चुकूनही वर नेऊं नये. नंतर झारीनें किंवा तांब्यानें छपरापासून खालीं साधें पाणी सोडून सुटी धूळ वाहून जाऊं द्यावी. या पायरीस आळस करूं नये. अर्धे ओरखडे येथेंच टळतात.

यानंतर एका बादलींत शॅम्पूचें पाणी व दुसरींत साधें पाणी घ्यावें. फडकें शॅम्पूंत बुडवावें, एक भाग हलक्या हातानें, सरळ रेषेंत, वरून खालीं पुसावा. मग तें साध्या पाण्याच्या बादलींत खळबळून, पिळून, पुन्हां शॅम्पूंत घालावें. छप्पर, कांचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग आणि शेवटीं दारांचा खालचा भाग असा क्रम ठेवावा. काम संपल्यावर साध्या पाण्याच्या बादलीचा तळ पाहावा. तेथें जी रेती सांठलेली असते, ती एकच बादली वापरली असती तर सर्व पत्र्यावर फिरली असती. मीं ती रेती पहिल्यांदा पाहिली, त्या क्षणीं मला त्या माणसाचे “एक बादली तुम्हींच ठरवून दिलंय” हे शब्द आठवले. एका बादलींत आणि एका फडक्यावर तो काय करणार होता? तो कसाही पुसता तरी रेषा पडत्याच. आणि जेथें तो पुसत नसे तेथें माझी झटकणी फिरत होतीच.

शेवटीं साध्या पाण्यानें धुवून लगेच कोरड्या फडक्यानें टिपून घ्यावें. पाणी आपोआप वाळूं दिलें तर, विशेषतः विंधनविहिरीच्या जड पाण्यांतले क्षार, पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपानें मागें राहतात.

कांहीं विशेष प्रसंग

पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते व उन्हांत ती रंगांत खोल डाग पाडते. ती खरवडूं नये; ओलें फडकें पांच-दहा मिनिटें तीवर ठेवून भिजूं द्यावी व अलगद उचलावी. आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत झाडाखालीं गाडी ठेवल्यास तुडतुड्यांचा चिकट स्राव तीवर पडतो. त्यासही हाच उपाय. पूजेचें हळदकुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवूं नयेत. देवाचा प्रसाद म्हणून ठेवलेला तो ओला ठिपका पुढें वर्षभर डाग होऊन राहतो. कुंकू कांचेवर लावावें, म्हणजे पूजाही होते आणि रंगही राखला जातो.

पावसाळ्यापूर्वीं व नंतर दारांच्या खालच्या कडेस असलेलीं बारीक छिद्रें पाहावीं. दारांत शिरणारें पाणी तेथून निघून जातें; चिखलानें तीं बुजलीं तर पत्रा आंतून गंजतो. समोरच्या कांचेच्या पायथ्याशीं सांठलेला पालापाचोळा काढावा. कोंकणांतून परत आल्यावर गाडीचा खालचा भाग साध्या पाण्यानें धुवावा, कारण खारी हवा व ओली वाळू गंजाला आमंत्रण देतात. आंतल्या चटया काढून उन्हांत वाळवाव्या, नाहींतर आषाढांत बुरशी येते. यंत्राच्या भागावर मात्र नळी सोडूं नये. तेथें विजेच्या तारा असतात. सुकाणूचक्रास व पायांखालच्या पट्ट्यांना चमक आणणारें तेल कधींही लावूं नये. हात वा पाय निसटला तर ती चमक जिवावर बेतेल. धुवून झाल्यावर ब्रेक ओले असतात, म्हणून पहिल्या शंभर पावलांत ते दोन-तीनदां हळूच दाबून पाहावे.

मेण लावावयाचें तें वर्षांतून तीन-चार वेळां. कार्नोबा नांवाचें मेण ब्राझिलांतील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळतें. ८२ ते ८६ अंश सेल्सियसपर्यंत तें वितळत नसल्यामुळें आपल्या उन्हाळ्यासही तें टिकतें. थर अगदीं पातळ द्यावा. जाड दिल्यानें टिकाऊपणा वाढत नाहीं, श्रम मात्र वाढतात. पॉलिश थर काढतें, मेण थर देतें, हा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे दुकानदाराच्या शब्दजालांत आपण सांपडत नाहीं.

पाण्याचा हिशेब

गाडी स्वतः धुवूं लागल्यावर आणखी एक गोष्ट डोळ्यांवर आली. मिनिटाला दहा लिटर पाणी देणारी नळी वीस मिनिटें सोडून ठेवली तर दोनशें लिटर पाणी गटारांत जातें. वरील रीतीनें पंधरा लिटरांच्या तीन बादल्यांत, म्हणजे ४५ लिटरांत, सर्व काम होतें. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन योजनेंत खेड्यांतील माणसासाठीं दिवसाचें पाणी ५५ लिटर धरलें आहे. म्हणजे नळीनें धुतलेली एक गाडी जवळजवळ चार माणसांचें दिवसाचें पाणी पिते! २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें तीनशेंहून अधिक किलोमीटर पाणी लातुरास नेण्याची वेळ आपल्याच प्रांतावर आली होती. २०२४ च्या मार्चांत बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळानें पिण्याच्या पाण्यानें मोटारी धुण्यास बंदी करून पांच हजार रुपये दंड ठेवला. दंडाची वाट न पाहतां तांदूळ-भाजी धुतलेलें पाणी झाडांना घालणाऱ्या आपल्या गृहिणींनीं हा हिशेब हातीं घ्यावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.

शेवटीं

पहिल्या रविवारीं बादली घेऊन खालीं उतरतांना मला संकोच वाटला, हें कबूल करतों. आपल्या समाजांत हातांत पोथी किंवा लेखणी शोभते, फडकें शोभत नाहीं, अशी समजूत अजून पुरती गेलेली नाहीं. “गडी मिळत नाहीं का?” असें एका शेजाऱ्यांनीं विचारलेंही. तिसऱ्या रविवारीं त्यांचाच मुलगा दुसरी बादली घेऊन शेजारीं उभा राहिला.

पंधराव्या दिवशीं मीं त्या माणसाला शोधून काढलें. तो शेजारच्या इमारतींत गाड्या पुशीत होता. ज्या चौघांच्या देखत त्याला बोललों होतों त्यांपैकीं तिघांना मीं बरोबर नेलें होतें. “चूक माझी होती,” एवढें त्यांच्यासमोर म्हणालों. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “साहेब, तीस गाड्यांना दोन-दोन बादल्या पाणी आणायचं तर पहाट पुरत नाहीं.” हा मुद्दा आमच्यापैकीं कोणाच्याच डोक्यांत कधीं आला नव्हता.

तेव्हां आतां आमच्याकडे असें ठरलें आहे. त्यानें आठवड्यांतून तीन दिवस फक्त कांचा ओल्या फडक्यानें पुसाव्या. पत्र्याला कोणीही कोरडा हात लावूं नये, मीही नाहीं. फडकीं ज्याच्या त्याच्या घरचीं, दोन-दोन, चांगलीं. त्याचा पगार पूर्वींचाच, कारण काम कमी केलें तें आम्हीं, त्यानें नव्हे. आणि रविवारची धुलाई ज्याची त्यानें करावी. बॉनेटवरच्या जुन्या रेषा अजून तशाच आहेत. पॉलिश करून त्या घालवितां येतील. पण सध्यां मीं त्या राहूं दिल्या आहेत. झटकणी मात्र आमच्या घरांत आतां पुस्तकांच्या कपाटापुरतीच उरली आहे.